एवढं जातोच आहोत तर

लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा 'आपण दोघंच कुठेतरी जाऊ' असं ठरलं. या वाक्यातलं 'दोघंच' बायकोचं आणि 'कुठेतरी' माझं. तिच्या मनात कोकणातलं एखादं घर होतं. पडवी, झोपाळा आणि दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं जेवण. माझ्या मनात युरोप होता. कोकणाला मी विरोध केला नाही. 'कोकणात काय, केव्हाही जाता येतं,' एवढंच म्हणालो. पुण्याचा माणूस हे वाक्य जन्मभर म्हणत राहतो आणि ताम्हिणीच्या अलीकडेच म्हातारा होतो.

इथे आमच्या नोकऱ्या सांगणं भाग आहे. मी भोसरीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. कुठलं मशीन किती वाजता मोकळं होणार, त्यावर पुढचा जॉब कुठला चढवायचा, मधे सेटिंगला किती मिनिटं जाणार, हे माझं काम. आमच्याकडे मशीन रिकामं उभं राहिलं की त्याला नुकसान म्हणतात. बायको त्यालाच सुट्टी म्हणते. ती बँकेत आहे, तपासणी खात्यात. दुसऱ्यांनी मांडलेले आकडे शांतपणे वाचायचे आणि नेमक्या एका आकड्याखाली पेन्सिलने बारीक रेघ मारून 'हे काय?' एवढंच विचारायचं, हे तिचं काम. एरवी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. पण मी एक्सेल उघडून तिला बोलावलं की ती मला 'अहो' म्हणते. 'अहो' कानावर पडलं की ऑडिट सुरू झालं हे मी ओळखतो.

पहिला प्रश्न तारखांचा. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरून जेवणाच्या टेबलावर आलं. मे महिन्यात भाच्याचं लग्न. श्रावणात आईचे सोमवार. मग गणपती, त्यात गौरी. पितृपंधरवड्यात तिकिटं जरा उतरलेली दिसली, पण 'पितर इकडे जेवायला येणार आणि तुम्ही तिकडे?' असं आई म्हणाली, आणि त्यावर मला उत्तर सुचलं नाही. नवरात्रात घट बसलेले. शेवटी कोजागिरीचं दूध पिऊन निघायचं आणि धनत्रयोदशीच्या आत घरात यायचं, एवढीच फट शिल्लक राहिली. ते दिवस साधारण बारा. त्यातले तीन फराळासाठी राखीव. उरले नऊ. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, पुढच्या रविवारी सकाळी परत. जाण्या-येण्याचे वजा केले की युरोपच्या जमिनीवर सात रात्री.

सात रात्री म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. पहिल्याच शीटमध्ये मी सहा शहरं बसवली. प्राग, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, आणि विमान बदलायला जिथे उतरणार होतो तिथला पाच तासांचा मुक्काम धरून आखातातलं एक. बायकोने शीट वरपासून खालपर्यंत वाचली.

"अहो," ती म्हणाली, "यात आंघोळ कुठे आहे?"

शहरांच्या संख्येबद्दल माझी बाजू मांडणं गरजेचं आहे. आमच्या मजल्यावरचे काका चौदा दिवसांत अकरा देश करून आले आहेत. त्यांच्या फोनमध्ये बाराशे फोटो आहेत. 'हे कुठलं?' असं विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळ घेतात आणि 'हे जेवणानंतरचं,' असं सांगतात. काकांना मी तीन-चार शहरं म्हटलं तर ते आजारी माणसाकडे बघावं तसे माझ्याकडे बघू लागले. "एवढं भाडं खर्चून?" मग त्यांनी कागद घेऊन दर शहरामागे विमानाचं भाडं किती पडतं ते काढून दाखवलं. शहरं वाढवली की भाडं उतरत जातं, हे गणित मला फार आवडलं. आईचा आक्षेप निराळाच होता. "स्वित्झर्लंड नाही? मग युरोपला कशाला जाताय?" तिच्या पिढीच्या नकाशात युरोप म्हणजे स्वित्झर्लंड आणि त्याच्या आजूबाजूची किरकोळ गावं.

खरं तर हा रोग आपल्या मातीतलाच आहे. कोल्हापूरला अंबाबाईला गेलं की जोतिबा आलाच, जोतिबाला गेलं की पन्हाळा हाकेवर, मग वाडीला दत्ताचं दर्शन घेतल्याशिवाय परतायचं कसं, आणि परतताना औदुंबर तर वाटेतच. 'एवढं जातोच आहोत तर' हे चार शब्द उच्चारले की मराठी माणसाच्या गाडीचा ब्रेक निकामी होतो. आणि कमी दिवसांत जास्त मुक्काम ही कल्पना आपल्याला परक्यांनी शिकवायची गरज काय? अष्टविनायक कशाला म्हणतात? आठ देवळं, तीन जिल्हे, दोन दिवस. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून उतरायच्या, वाटेत मिसळ, ओझरला दर्शन, की पुन्हा बसमध्ये. मी बायकोला म्हटलं, व्हिएन्नाच्या स्टेफान्स कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, म्हणजे एक लेण्याद्री धर. ती म्हणाली, "लेण्याद्रीला वर गणपती आहे."

अष्टविनायकाची तुलना मी काढायला नको होती, कारण ती आईने ऐकली. यात्रा मोरगावला सुरू करायची आणि आठ गणपती झाले की पुन्हा मोरगावला येऊनच पुरी करायची, हा नियम. आता माझं सगळं नियोजन एका सरळ रेषेवर उभं होतं. विमानाने प्रागला उतरायचं, तिथून साधारण चार तासांच्या रेल्वेने व्हिएन्ना, तिथून पावणेतीन तासांत बुडापेस्ट, आणि बुडापेस्टहूनच विमान पकडून घरी. उलट पावली एक मैल नाही. प्लॅनिंगमधल्या माणसाला अशी रेषा दिसली की भूक लागत नाही. आई म्हणाली, "म्हणजे परत प्रागला नाहीच? मग ती यात्रा पुरी कशी?" मी हसण्यावारी नेलं. पण तिकिटांच्या साइटवर बघतो तर प्रागला जाऊन प्रागहूनच परत येण्याचं तिकीट चांगलं चौदा हजारांनी स्वस्त. साइटसुद्धा मोरगावच्याच बाजूची! त्या चौदा हजारांसाठी बुडापेस्टहून प्रागला सात तास रेल्वेने मागे यायला मी एका क्षणी तयार झालो होतो. बायकोने आकड्याखाली रेघ मारली. "सात तास बसून चौदा हजार. म्हणजे तासाला दोन हजार. अहो, तुम्हाला कारखान्यात तासाला किती मिळतात?" हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी दोन मिनिटं मी गप्प राहिलो, कारण उत्तर माझ्याविरुद्ध जात होतं. तो व्यवहार फायद्याचा होता. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे. सुट्टीत तरी पगार मोजायला नको."

या सगळ्यात गंमत अशी, की व्हिएन्ना ते बुडापेस्ट हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर दुसऱ्या देशात किती वाजून किती मिनिटांनी संपेल हे मी भोसरीत बसून सांगू शकत होतो. पुणे ते मुंबई विमानतळाला किती वेळ लागेल, हे मात्र बोरघाटच जाणे. त्या रकान्यात मी सहा तास धरले. बायकोने त्याचे आठ केले. संपूर्ण शीटमधली तिने स्वतःहून वाढवलेली ही एकच वेळ.

आणि मग व्हिसा.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोसेल नदीकाठचं एक लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर बसून पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सरहद्दींवरची तपासणी हळूहळू काढून टाकू. पुढे त्यात बाकीचे देश येत गेले. त्यांच्या सरहद्दी पुसल्या गेल्या, आणि त्यांवरचे सगळे कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, त्यात हसायचं नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. माणशी नव्वद युरो शुल्क. रजेचं पत्र, रिटर्न्स, हॉटेलांची बुकिंगं. आणि तुम्ही परत याल याचा पुरावा. या शेवटच्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ थांबलो. फ्लॅट, नोकरी, आई, हप्ते, सगळं लिहिलं. बायको म्हणाली, "फराळाचं लिही. चकलीची भाजणी दळून ठेवलीय म्हणावं."

कागदांत सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं होती. आमची खाती निराळी आहेत आणि आमच्या संसाराच्या टिकाऊपणात त्या गोष्टीचा मोठा वाटा आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी-शेजारी पडले होते. तपासणी खात्यातल्या माणसासमोर स्टेटमेंट ठेवणं म्हणजे मांजरासमोर सायीचं पातेलं. "एप्रिलमध्ये चार हजार आठशे. हे काय?" ते एक फाउंटन पेन होतं. "मे महिन्यात पुन्हा?" ते त्याच्या जोडीचं. माझ्याकडे अशी एकूण अकरा पेनं आहेत आणि मी सगळं एक्सेलमध्ये लिहितो. मग मीही तिचा गठ्ठा ओढला. जूनमध्ये नारायण पेठेतल्या एका साडीच्या दुकानाची नोंद होती. जुलैमध्येही होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही न बोलता दोन्ही गठ्ठे एकाच पिनने टाचले. कुठल्याशा वकिलातीतला कोणी अधिकारी ते वाचून काय समजला असेल कोण जाणे, आमच्यात मात्र त्या दिवशी त्या पाच देशांसारखाच तह झाला.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम मात्र मला मनापासून आवडला. जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्या देशाकडे. आता माझ्या शीटची अवस्था बघा. साल्झबुर्ग तोवर गळलं होतं, पण ब्रातिस्लाव्हा मी धरून ठेवलं होतं. व्हिएन्नापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर एका देशाची अख्खी राजधानी, रेल्वेने तासाभराची, आणि बुडापेस्टला जाताना वाटेतच! म्हणजे औदुंबर! ते सोडायचं? एक रात्र ब्रातिस्लाव्हाची काढली तर प्राग दोन, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट दोन. सगळे सारखे, म्हणून पहिलं पाऊल, म्हणून अर्ज चेककडे. ब्रातिस्लाव्हा नसलं तर व्हिएन्नाच्या रात्री तीन, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. थोडक्यात, आमच्या घरातला वाद आता दोन सरकारांचा विषय झाला होता. मी आठवडाभर युक्तिवाद केला. बायको ऐकून घेत होती, मान हलवत होती. ती मान हलवते तेव्हा माणसं गाफील राहतात, आणि बँकेच्या कितीतरी शाखांना याचा अनुभव आहे. आठव्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "व्हिसाची वेळ घेतली. गुरुवारी अकरा."

"कोणाकडची?"

"ऑस्ट्रियाची."

गवारीची शेंग मोडावी तसं ब्रातिस्लाव्हा मोडलं.

प्रागच्या वेळी अडचण निराळीच आली. कोजागिरी ते धनत्रयोदशी ही फट निवडताना माझ्या लक्षात आलं नाही, पण बायकोच्या आलं, की त्या फटीत संकष्टी येतेच येते. आमची रविवारी येत होती, प्रागच्या रविवारी. ती संकष्टी लग्नाआधीपासून करते. उपासाला काय खायचं याचा शोध मी लगेच घेतला. बटाट्याचं धिरड्यासारखं काहीतरी तिकडे मिळतं, ब्राम्बोराक म्हणून. मी खूश झालो. नंतर वाचलं तर त्यात मैदा, अंडं आणि लसूण. एकाच पदार्थात तिन्ही. मग राजगिऱ्याच्या वड्या, खजूर आणि भाजलेले दाणे यांसाठी बॅगेचा एक कोपरा दिला.

खरा पेच पुढे होता. उपास सोडायचा तो चंद्रोदयाला. कॅलेंडरमध्ये पुणे, नाशिक, नागपूर, बेळगाव सगळ्यांचे चंद्रोदय दिले आहेत. प्राग नाही. मी तोडगा सुचवला, की पुण्याची वेळ धरावी. पुण्यात रात्री साडेआठच्या सुमाराला चंद्र उगवणार, तेव्हा प्रागला संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. पाचला जेवून घ्यायचं, सहापासून पुन्हा फिरायला मोकळे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "चंद्राला फसवतोस होय रे?"

आणि इथे मला प्राग शहराबद्दल कमालीचा आदर वाटू लागला. तिथल्या जुन्या चौकात नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं एक खगोलीय घड्याळ आहे. पर्यटक दर तासाला त्याखाली गर्दी करतात ती वरच्या खिडक्यांतून फिरत जाणारे बारा प्रेषित बघायला. पण त्या घड्याळाच्या तबकडीवर सूर्य फिरतो आणि चंद्रही फिरतो. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी. तो कलेप्रमाणे वळत जातो आणि क्षितिजाच्या वर आहे की खाली, तेही दिसतं. सहाशे वर्षांपूर्वी कोण्या कारागिराने एवढी खटपट केली ती कशासाठी केली असेल, हे इतिहासकार सांगोत. ती आमच्या संकष्टीसाठी होती याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा शीटमधल्या एका नोंदीला पहिल्यांदा बायकोने स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिला. 'रवि. संध्याकाळ. घड्याळाखाली उभं राहून उपास सोडणे.' दोन मोदकांचा प्रश्न उरला आहे. ते सुक्या सारणाचे तळून न्यावेत असं ठरतंय.

पैशांचं मात्र तिने सगळं स्वतःकडे घेतलं. तीन शहरं आणि तीन चलनं. ऑस्ट्रियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. तिने फ्रिजवर एक चिठ्ठी लावली. व्हिएन्नात गुणिले शंभर, प्रागमध्ये गुणिले चार, बुडापेस्टमध्ये भागिले चार. रोज सकाळी चहाच्या वेळी ती मला विचारते, "बाराशे फोरिंट?" मी तीनशे म्हणतो. "ऐंशी कोरुना?" तीनशे वीस. भागाकार करून रुपये निघतात या एका गोष्टीसाठी आईचंही हंगेरीबद्दलचं मत सुधारलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये भागाकार नाही, असं मी तिला सांगून ठेवलंय.

बुडापेस्टला हॉटेल घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की ते एक गाव नव्हतंच. डॅन्यूबच्या एका काठाला डोंगरावरचं, राजवाडेवालं, शांत बुडा. दुसऱ्या काठाला सपाटीवरचं, बाजारपेठांचं, गजबजलेलं पेस्ट. ओबुडा धरून १८७३ साली त्यांचं एक शहर झालं, आणि दोन्ही बाजूंची नावं तशीच राहिली. ज्याने कोणी हा समेट घडवला त्याला आमच्यासारख्यांकडे बोलवायला हवं होतं. बायकोला बुडा हवं होतं, कारण तिथे आवाज नाही. मला पेस्ट हवं होतं, कारण स्टेशन जवळ. गरम पाण्याच्या कुंडांचा विषय मी काढला, तिथली ती प्रसिद्ध स्नानगृहं वगैरे. ती म्हणाली, "उन्हेऱ्याला आहेत की कुंडं. पालीच्या गणपतीला जाताना दर वेळी तूच म्हणतोस, उशीर होतोय, पुढे चला." हे खरं आहे. मी चार वेळा अष्टविनायक केलेत आणि उन्हेऱ्याच्या पाण्यात अजून बोटही बुडवलेलं नाही. त्या वाक्यानंतर हॉटेल बुडात घेतलं.

आता सगळं बसलं होतं. विमानं, रेल्वे, हॉटेलं, उपास, चलनं. फक्त मंगळवार. ब्रातिस्लाव्हा गेल्यामुळे व्हिएन्नात एक अख्खा मंगळवार मोकळा झाला होता. मी त्यात शोनब्रुन राजवाडा टाकला, बेल्वेडेअरमधलं क्लिम्टचं चित्र टाकलं, दुपारी ३४३ पायऱ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर रकाना पांढरा. पुन्हा भरला. पुन्हा पांढरा. शीट दोघांच्याही फोनवर उघडते, त्यामुळे कोण पुसतंय हे शोधायला तपासणी खात्याची गरज नव्हती.

मग तिने सांगितलं. तिला व्हिएन्नात कॉफीहाउसमध्ये बसायचं होतं. तिथे म्हणे एक कप कॉफी मागवली की चांदीसारख्या ट्रेमधून पाण्याच्या पेल्यासकट येते, आणि मग तुम्ही तासन्‌तास बसा, पेपर वाचा, कोणी उठवायला येत नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. या बसण्याची ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत रीतसर नोंद केली आहे. "बसण्याची?" मी विचारलं. "बसण्याची," ती म्हणाली. फर्ग्युसन रस्त्यावर आपण डोशाचा शेवटचा घास तोंडात घालत असतो तेव्हा पुढचं कुटुंब आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं. तिथे पंचवीस वर्षं कॉफी प्यायलेल्या बाईला हे परीकथेसारखं वाटणार, हे मलाही पटलं. मी लगेच शीट उघडून नोंद केली. 'मंगळ. ११.२० ते ११.५०. बसणे.'

"अहो," ती म्हणाली.

मी अर्ध्या तासाचे दोन तास केले. मग सगळी दुपार केली. शेवटी तिने माझ्या हातातून फोन घेतला, मंगळवारचा सगळा रकाना निवडला आणि एका बोटाने टाइप केलं: 'काही नाही'.

हे परवाचं. तेव्हापासून तो रकाना तसाच आहे. काल रात्री मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो होतो. मशीन रिकामं, वर जॉब नाही, सेटिंग नाही. शेवटी न राहवून तिला हलवलं.

"झोपलीस?"

"हं."

"मंगळवारी ते 'काही नाही' आहे ना, ते किती वाजता सुरू करायचं?"

"उठल्यावर."

मी थोडा वेळ अंधारात पंख्याकडे बघत पडून राहिलो.

"बरं, मग उठायचं किती वाजता?"